विजेचा दर कोण ठरवितो?

दर महिन्याला घरात येणाऱ्या कागदांपैकी विजेचे बिल हा बहुधा सर्वांत कमी वाचला जाणारा कागद असावा. आपण त्यावरील शेवटची रक्कम पाहतो, भरणा करण्याची तारीख पाहतो आणि रक्कम नेहमीपेक्षा अधिक दिसली, तर ‘पुन्हा दर वाढविलेले दिसतात’ एवढे म्हणून तो बाजूला ठेवतो. व्याकरणदृष्ट्या या वाक्यात कर्ता अध्याहृत आहे. दर वाढविले, पण ते कोणी? कोणी म्हणतो सरकारने, कोणी म्हणतो वीज कंपनीने, तर कोणी एखाद्या मंत्र्याचे नाव घेतो. आज देशातील कोणत्याही राज्यात यांपैकी एकालाही किरकोळ विक्रीचा दर स्वतःच्या अधिकारात ठरविता येत नाही. तो अधिकार कायद्याने राज्याच्या विद्युत नियामक आयोगाकडे दिला आहे आणि आयोगाने निर्णय देण्यापूर्वी तुमचेआमचे म्हणणे ऐकले पाहिजे, असे बंधनही त्याच कायद्याने घातले आहे. ही व्यवस्था कशी चालते आणि तिच्यात सामान्य ग्राहकाचे स्थान कोणते, याचा विचार आज करावयाचा आहे.

प्रथम एक शंका सहज येते. भाजीचा, कापडाचा किंवा साबणाचा दर ठरविण्यासाठी आयोग लागत नाही. मग विजेलाच का लागावा? याचे कारण विजेच्या स्वभावात आहे. भाजीवाल्याने भाव चढविला, तर आपण पुढच्या गाडीकडे जातो. विजेची तार मात्र घरात एकच येते. एका रस्त्यावर चार कंपन्यांनी चार खांबांच्या रांगा उभ्या करणे हा उघड अपव्यय होय. म्हणून एका प्रदेशात साधारणपणे एकच वितरक असतो. ज्याला प्रतिस्पर्धी नाही त्याच्यावर बाजाराचा अंकुश चालत नाही. शिवाय वीज ही कोठारात भरून ठेवण्याजोगी वस्तू नव्हे. ज्या क्षणी आपण दिवा लावतो, त्याच क्षणी कोठे तरी तेवढी वीज निर्माण व्हावी लागते. त्यामुळे संध्याकाळच्या दोन-तीन तासांची मागणी भागविण्यासाठी उभारलेल्या यंत्रसामग्रीचा खर्च वर्षभर सोसावा लागतो. हा खर्च किती, त्यापैकी रास्त किती आणि तो कोणी किती उचलावा, हे प्रश्न बाजाराने सुटणारे नाहीत. ते हिशोबाने आणि न्यायबुद्धीनेच सोडवावे लागतात.

आपल्या देशात हे प्रश्न सोडविण्याच्या रीती काळानुसार बदलत गेल्या. १९१० च्या विद्युत अधिनियमाचा रोख मुख्यतः खासगी परवानाधारकांवर होता. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या विद्युत पुरवठा अधिनियमाने राज्य विद्युत मंडळांची कल्पना पुढे आणली. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाची स्थापना १९६० च्या जून महिन्यात, म्हणजे राज्य स्थापन झाल्यानंतर दोन महिन्यांच्या आतच झाली. या मंडळांनी खेडोपाडी तारा नेल्या, विहिरींवर पंप बसविले, उद्योगांना शक्ती पुरविली. त्या कामाचे मोल कमी लेखण्याचे कारण नाही. परंतु दराच्या बाबतीत त्या कायद्याची रचना अशी होती, की वीज विकणारे मंडळच विजेचा दर ठरवी आणि मंडळावर राज्य सरकारची छाया असे. दरवाढ झाल्याचे लोकांना कळे ते परिपत्रक निघाल्यावर. ती का झाली, किती रास्त होती, हे विचारण्याची जागाच नव्हती.

याचे दोन परिणाम झाले. पहिला असा, की दर हा लोकप्रियतेचा विषय बनला. अनेक राज्यांत शेतीपंपांना मीटर न लावता पंपाच्या अश्वशक्तीवर ठोक आकारणी सुरू झाली. तमिळनाडूसारख्या राज्याने तर शेतीला वीज विनामूल्य देऊ केली. शेतकऱ्याला साहाय्य करण्याचा हेतू कोणीही मान्य करील. पण आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार? जे शेतकऱ्याकडून घ्यावयाचे नाही ते कारखान्यांकडून आणि दुकानांकडून घ्यावे लागले. तेही पुरेनासे झाले, तेव्हा मंडळांचे तोटे साचत गेले. दुसरा परिणाम याहून सूक्ष्म आणि अधिक घातक होता. मीटर नसल्यामुळे शेतीला वीज किती गेली हे कोणालाच निश्चित सांगता येईना. मग जेवढी वीज हिशोबात सापडेना तेवढी शेतीच्या नावे लिहिण्याची वाट मोकळी झाली. जुन्या तारांतून वाया गेलेली वीज, आकडे टाकून चोरलेली वीज, मीटरमध्ये फेरफार करून लपविलेली वीज, सारी त्या एका खात्यात सामावून जाई. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती अशी.

ही मूठ उघडण्याचा पहिला प्रयत्न ओडिशाने केला. १९९५ साली त्या राज्याने स्वतंत्र कायदा केला आणि १९९६ साली तेथे देशातील पहिला राज्य विद्युत नियामक आयोग कामास लागला. १९९८ साली संसदेने केंद्र व राज्ये यांतील आयोगांसाठी कायदा केला. महाराष्ट्राचा आयोग १९९९ साली स्थापन झाला. पुढे विद्युत अधिनियम, २००३ या कायद्याने जुने तिन्ही कायदे एकत्र करून आजची व्यवस्था घातली. महाराष्ट्रात २००५ साली मंडळाचे विभाजन होऊन निर्मिती, पारेषण आणि वितरण यांच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या. त्यांतील वितरणाची ती महावितरण. महाराष्ट्राबाहेरील श्रोत्यांसाठी हेही सांगितले पाहिजे, की कायदा सर्वत्र एकच आहे. आयोग मात्र निरनिराळे आहेत. इंदूरच्या ग्राहकाचा आयोग मध्य प्रदेशचा, बेळगावच्या ग्राहकाचा कर्नाटकाचा, बडोद्याच्या ग्राहकाचा गुजरातचा. गोव्यात कंपनी नाही. तेथे सरकारचे वीज खातेच वितरण करते. पण त्या खात्यालाही दर बदलण्यासाठी गोवा व केंद्रशासित प्रदेश यांच्या संयुक्त आयोगापुढे अर्ज घेऊन जावे लागते. सरकारचे खाते दुसऱ्या एका मंडळीपुढे कागदपत्रे घेऊन उभे राहते आणि ‘आम्हांस एवढी रक्कम का हवी’ याची कारणे देते, हे दृश्य आपल्या प्रशासनाच्या परंपरेत नवे आहे आणि स्वागतार्ह आहे.

राज्य आयोगात अध्यक्ष धरून तीन जण असतात. त्यांची नेमणूक राज्य सरकार करते. पण नावे सुचविणाऱ्या निवड समितीच्या अध्यक्षस्थानी उच्च न्यायालयाचे न्यायाधीश राहिलेली व्यक्ती असावी लागते. आयोगाचे काम काहीसे न्यायालयासारखे चालते. अर्ज येतो, त्याची छाननी होते, दुसरी बाजू ऐकली जाते आणि कारणांसह लेखी आदेश दिला जातो.

आता प्रत्यक्ष दर कसा बदलतो ते क्रमाने पाहू. वितरण कंपनी येत्या वर्षासाठी किंवा काही वर्षांसाठी आपल्याला किती पैसा लागेल याचा अंदाज मांडते. यात सर्वांत मोठी बाब वीजखरेदीची. एकूण खर्चाचा साधारण तीन-चतुर्थांश भाग तीच व्यापते. त्याखाली पारेषणाचा खर्च, नोकरवर्गाचे वेतन, दुरुस्ती, कर्जावरील व्याज, यंत्रसामग्रीचा घसारा आणि भांडवलावरील ठरावीक परतावा येतो. या बेरजेला वार्षिक महसुली गरज म्हणतात. चालू दराने किती रक्कम जमेल ते तिच्यातून वजा केले, की तूट दिसते आणि ती तूट भरून काढण्यासाठी कंपनी नवा दर सुचविते. हा झाला अर्ज.

येथून पुढचा भाग श्रोत्यांनी विशेष लक्षात ठेवावा. कायद्याच्या ६४ व्या कलमानुसार हा अर्ज जाहीर करावा लागतो. वृत्तपत्रांतून त्याचा गोषवारा प्रसिद्ध होतो, संपूर्ण प्रत उपलब्ध केली जाते आणि हरकती व सूचना मागविल्या जातात. कोणीही हरकत घेऊ शकतो. वकील असण्याची अट नाही. त्यानंतर जाहीर सुनावणी होते. महावितरणच्या अर्जावरील सुनावण्या मुंबई परिसराप्रमाणेच पुणे, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, अमरावती आणि नागपूर येथेही घेण्याची पद्धत पडली आहे. आलेल्या हरकतींचा विचार करून १२० दिवसांच्या आत आयोगाने आदेश द्यावा, असे कायदा सांगतो. आयोग अर्ज जसाच्या तसा मान्य करू शकतो, त्यात फेरफार करू शकतो किंवा अर्जदाराला म्हणणे मांडण्याची संधी देऊन व कारणे नमूद करून तो फेटाळूही शकतो. इंधनाच्या किमतीनुसार ठरलेल्या सूत्राने होणारा बदल सोडला, तर एका आर्थिक वर्षात एकदाच दर बदलावा, असा सर्वसाधारण नियम आहे. वर्ष संपल्यावर अंदाज आणि प्रत्यक्ष खर्च यांचा मेळ घातला जातो. रास्त खर्च अधिक झाला असेल तर तो पुढील दरात धरतात, कमी झाला असेल तर वजा करतात. ठरलेल्या दरापेक्षा अधिक पैसे कोणी वसूल केले असतील, तर ते व्याजासह परत मागण्याचा हक्क ग्राहकाला आहे.

आयोग नेमके काय तपासतो, हे एका कल्पित उदाहरणाने स्पष्ट होईल. एका गावासाठी कंपनीने १०० युनिट वीज ५ रुपये दराने विकत घेतली असे समजू. खर्च ५०० रुपये. पगार, दुरुस्ती, व्याज यांचे १४० रुपये मिळवून एकूण ६४० रुपये झाले. वाटेत २० युनिट गळाली आणि ग्राहकांपर्यंत ८० पोचली. मग प्रत्येक युनिटमागे ८ रुपये आकारावे लागतील. तीच गळती १० युनिटांवर आणली, तर ९० युनिटांवर तेच ६४० रुपये विभागले जातात आणि दर सुमारे ७ रुपये ११ पैसे होतो. खर्चात एका पैशाचीही काटकसर न करता दर ८९ पैशांनी उतरला! आयोग म्हणतो, ‘१० युनिटांची गळती आम्ही क्षम्य मानतो, त्यापलीकडील गळतीचा भार प्रामाणिक ग्राहकावर टाकता येणार नाही, तो तुम्ही सोसावा.’ दरनिश्चितीतील खरी झुंज अशा प्रश्नांवर होते. रुपये किती वाढले यापेक्षा त्या रुपयांत कोणाची अकार्यक्षमता दडलेली आहे, हे शोधणे अधिक महत्त्वाचे असते.

हे केवळ तर्काने म्हणत नाही. महाराष्ट्र आयोगापुढे विद्युत मंडळाचा पहिला दरप्रस्ताव आला आणि त्यावरील आदेश एप्रिल २००० मध्ये निघाला. त्यापूर्वी कित्येक वर्षे मंडळ आपली गळती २० टक्क्यांहून कमी असल्याचे सांगत असे. आयोगापुढे आकडे उघडे झाले. पुण्याच्या ‘प्रयास’ संस्थेसारख्या अभ्यासकांनी आणि ग्राहकांच्या प्रतिनिधींनी शेतीच्या खात्यावर लिहिलेल्या विजेविषयी प्रश्न विचारले आणि छाननीअंती गळतीचा आकडा ३० टक्क्यांच्याही वर असल्याचे मान्य करावे लागले. तारा त्याच होत्या, खांब तेच होते. बदल इतकाच झाला होता, की हिशोब मागणारा कोणी तरी समोर बसला होता आणि त्याच्यासमोर प्रश्न विचारण्याची मुभा नागरिकांना होती. जाहीर सुनावणीचे मोल यापेक्षा अधिक स्पष्टपणे सांगता येईल असे मला वाटत नाही.

एकूण रक्कम ठरल्यावर ती कोणाकडून किती घ्यावयाची, हा दुसरा प्रश्न उभा राहतो. बिलावर जे निरनिराळे आकार दिसतात त्यांचा उगम येथे आहे. स्थिर आकार हा तारा, खांब आणि यंत्रसामग्री आपल्यासाठी सज्ज ठेवण्याचा मोबदला. आपण महिनाभर गावी असलो तरी तो लागतो. वीज आकार हा वापरलेल्या युनिटांचा. घरगुती ग्राहकांना पहिल्या टप्प्यातील युनिटे स्वस्त आणि पुढील टप्प्यांतील महाग पडतात. कमी वापरणाऱ्या कुटुंबाला दिलासा मिळावा, हा त्यामागील हेतू. इंधन समायोजन आकार हा कोळसा व इतर इंधने यांच्या चढउतारांशी आणि वीजखरेदीच्या खर्चाशी बांधलेला. विद्युत शुल्क मात्र आयोग ठरवीत नाही. तो राज्य सरकारचा कर होय. अलीकडे यांत वेळेचीही भर पडली आहे. सौर ऊर्जा दुपारी मुबलक आणि संध्याकाळी दुर्मीळ. म्हणून २०२३ साली केंद्राने केलेल्या नियमांत सौर तासांतील दर नेहमीच्या दरापेक्षा किमान २० टक्के कमी आणि कमाल मागणीच्या तासांतील दर अधिक ठेवण्याचे तत्त्व घातले आहे. आजवर आपण ‘किती वीज वापरली’ एवढेच मोजत आलो. यापुढे ‘केव्हा वापरली’ हेही मोजावे लागणार आहे.

ग्राहकाग्राहकांत भेद करण्यास कायदा परवानगी देतो, पण मनमानीला देत नाही. वापराचे प्रमाण, वेळ, विजेचा दाब, पुरवठ्याचे स्वरूप आणि प्रयोजन, भौगोलिक स्थान अशा कारणांनीच दर वेगळा ठेवता येतो. एका वर्गाने दुसऱ्या वर्गाचा भार किती उचलावा यालाही मर्यादा सांगितली आहे. २००६ च्या राष्ट्रीय दर धोरणाने प्रत्येक वर्गाचा दर पुरवठ्याच्या सरासरी खर्चाच्या २० टक्के खाली-वर या पट्ट्यात आणावा, असे उद्दिष्ट ठेवले. याहून अधिक सवलत एखाद्या वर्गाला द्यावी असे राज्य सरकारला वाटले, तर ६५ व्या कलमाने त्याची वाट मोकळी ठेवली आहे. अट एवढीच, की सवलतीची रक्कम सरकारने आपल्या तिजोरीतून आगाऊ भरावी. या अटीत मोठा अर्थ आहे. शेतकऱ्याला किंवा विणकराला स्वस्त वीज देणे हा लोकनियुक्त सरकारचा अधिकार आहे आणि कित्येकदा ते त्याचे कर्तव्यही असते. परंतु त्याची किंमत अर्थसंकल्पात सर्वांना दिसली पाहिजे, दुसऱ्या कोणाच्या बिलात लपता कामा नये.

या व्यवस्थेत सर्व काही यथास्थित चालते असे मात्र समजू नये. तिच्यातील एक मोठा दोष लांबणीवर टाकण्याचा आहे. खर्च रास्त ठरला, पण दर वाढविणे अप्रिय म्हणून काही आयोगांनी वसुली पुढील वर्षांवर ढकलली. हिशोबाच्या वहीत त्या रकमेला ‘नियामक मत्ता’ असे भारदस्त नाव मिळाले. वस्तुतः ती उद्याच्या ग्राहकावर आज काढलेली हुंडी होय. ऋण काढून सण साजरा करावा आणि व्याज मुलांनी फेडावे, तसलाच हा प्रकार. दिल्लीसारख्या ठिकाणी या रकमा व्याजासह डोंगराएवढ्या झाल्या. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला, हे साचलेले ओझे ठरावीक मुदतीत फेडावे आणि नवे वाढू देऊ नये, असे बजावावे लागले. काही कंपन्या तर वर्षानुवर्षे दराचा अर्जच करीत नसत. त्यावर विद्युत अपील न्यायाधिकरणाने २०११ साली निर्णय दिला, की अर्ज आला नाही तर आयोगाने स्वतःहून दरनिश्चितीचे काम हाती घ्यावे. दर न वाढणे ही वरवर आनंदाची बातमी वाटते. पण न वाढलेला दर आणि न मांडलेला हिशोब या दोन गोष्टींत फरक आहे.

दुसरी अडचण प्रक्रियेच्या पावित्र्याची. महाराष्ट्र आयोगाने २८ मार्च २०२५ रोजी महावितरणच्या दरांविषयी आदेश दिला आणि त्यात अनेक वर्गांचे दर उतरविले. कंपनीने पुनर्विलोकन मागितले. काही दिवसांतच आयोगाने आपल्या आदेशाला स्थगिती दिली आणि जूनच्या अखेरीस बदललेला आदेश काढला. हा वाद पुढे न्यायालयात गेला. त्यातील गुणदोषांचा निवाडा करण्याचे हे स्थान नव्हे. परंतु त्या वादातून सर्वांनी लक्षात घ्यावा असा प्रश्न पुढे आला आहे. पहिला आदेश लोकांचे ऐकून दिला असेल, तर तो बदलतानाही लोकांचे ऐकले पाहिजे की नाही? सुनावणी ही केवळ प्रवेशद्वारावरील औपचारिकता मानली, तर मागच्या दाराने होणारे बदल कोणालाच दिसणार नाहीत.

दराइतकेच महत्त्व सेवेच्या नियमांना आहे. किंबहुना सामान्य माणसाचा संबंध दरापेक्षा नियमांशी अधिक वेळा येतो. नवी जोडणी किती दिवसांत मिळावी, मीटर बिघडल्यास बिल कसे करावे, ठेव किती घ्यावी, पुरवठा केव्हा तोडता येईल, या साऱ्या गोष्टी नियमांत बसतात. दर आदेशाने बदलतो, तर नियम विनियमांच्या रूपाने बदलतात आणि त्यांची वाट किंचित वेगळी आहे. आयोगाने प्रथम मसुदा प्रसिद्ध करावा, त्यावर हरकती घ्याव्यात, अंतिम विनियम राजपत्रात छापावेत आणि ते राज्य विधानमंडळापुढे ठेवावेत, असा क्रम कायद्याने लावून दिला आहे. पुरवठा संहिता म्हणून ओळखले जाणारे महाराष्ट्राचे नियम २००५ साली आले. त्यांची जागा २०२१ साली नव्या संहितेने घेतली. याच नव्या संहितेमुळे मासिक बिल येणाऱ्या ग्राहकाची सुरक्षा ठेव एका महिन्याऐवजी दोन महिन्यांच्या सरासरी बिलाएवढी झाली. अनेकांना ही गोष्ट अतिरिक्त ठेवीचे बिल हाती पडल्यावरच कळली. त्या मसुद्यावर हरकती मागविल्या होत्या तेव्हा त्यांपैकी फार थोड्यांनी तो पाहिला असेल. या ठेवीवर बँक दराने किंवा त्याहून अधिक दराने व्याज मिळण्याचा ग्राहकाचा हक्क आहे, हेही येथेच सांगून ठेवतो.

नियम नेहमी ग्राहकाच्या विरोधातच बदलतात असेही नाही. २००३ च्या कायद्याने नवी जोडणी देण्यास एक महिन्याची मुदत घातली होती. २०२० साली केंद्राने ग्राहकहक्कांचे नियम करून, जेथे नव्या वाहिन्या टाकण्याची गरज नाही तेथे, ती मुदत महानगरांत ७, इतर शहरांत १५ आणि ग्रामीण भागात ३० दिवस अशी केली. २०२४ साली ती आणखी उतरवून अनुक्रमे ३, ७ आणि १५ दिवसांवर आणली. मुदत पाळली नाही, तर नुकसानभरपाई द्यावी लागते. थकबाकीसाठी पुरवठा तोडण्यापूर्वी पूर्ण १५ दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. रक्कम वादग्रस्त असेल, तर ‘हरकत कायम ठेवून’ ती भरण्याची सोय आहे. अशी रक्कम भरल्यावर, वाद मिटेपर्यंत पुरवठा तोडता येत नाही. जुनी येणे रक्कम बिलात सतत थकबाकी म्हणून दाखविली नसेल, तर ती प्रथम देय झाल्यापासून दोन वर्षांनंतर वसूल करता येत नाही. वितरकाकडे दाद लागली नाही, तर ग्राहक तक्रार निवारण मंच आहे आणि त्याच्यावर विद्युत लोकपाल. आयोगाच्या आदेशाविरुद्ध अपील न्यायाधिकरणाकडे आणि तेथून कायद्याच्या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाकडे जाता येते.

हे सर्व हक्क कागदावर आहेत. ते व्यवहारात किती उतरतात हे ते वापरणाऱ्यांवर अवलंबून आहे. कारखानदारांच्या संघटना सुनावणीला तयारीने येतात. त्यांच्याजवळ तज्ज्ञ असतात. महाराष्ट्र आयोगाने मुंबई ग्राहक पंचायत, पुण्याची प्रयास यांसारख्या संस्थांना ग्राहकांचे प्रतिनिधी म्हणून मान्यता दिली, ही चांगली गोष्ट झाली. पण दोन खोल्यांत राहणारा नोकरदार, शिवणयंत्रावर पोट भरणारी बाई, पाच अश्वशक्तीच्या पंपावर ओलीत करणारा शेतकरी यांचा आवाज तेथे क्वचितच ऐकू येतो. शेकडो पानांचा अर्ज, आकड्यांची कोष्टके आणि परिभाषेचे जंगल पाहून तो मागे फिरतो. येथे दोष त्याचा नाही. ज्यांनी त्याला ऐकावयाचे त्यांनी त्याला समजेल अशा भाषेत बोलले पाहिजे. कारभाराच्या कागदांत ज्यांचे दिवस जातात अशा माझ्यासारख्यांनी तर हे स्वतःलाच बजावले पाहिजे, की जो निर्णय साध्या मराठीत समजावून देता येत नाही, तो बहुधा निर्णय घेणाऱ्यालाही पुरता समजलेला नसतो.

तथापि, हरकत घेण्यासाठी साऱ्या कोष्टकांवर प्रभुत्व असावे लागत नाही. आमच्या भागात रोहित्र जळाल्यावर तीन आठवडे नवे येत नाही, मग स्थिर आकार कशाचा घेता? आमच्या गावात गळती एवढी का? मीटरचे प्रत्यक्ष वाचन न करता सरासरीने बिल किती महिने करणार? असा एखादा अनुभवाचा प्रश्न, तारखा आणि बिलाची प्रत जोडून अर्ध्या पानात मुदतीत पाठविला, तरी पुरे. आलेल्या हरकतींचा विचार करूनच आयोगाने आदेश द्यावयाचा असतो. त्यामुळे कंपनीला त्या प्रश्नाला तोंड द्यावे लागते आणि तिचे उत्तर असमाधानकारक असेल, तर तेही नोंदले जाते. एका पत्राने दर उतरत नाही, हे खरे. पण एकाच गाऱ्हाण्याची शंभर पत्रे आली, की तो अपवाद राहत नाही, पुरावा होतो.

पूर्वी मंडळाला पत्र लिहिणारा ग्राहक विनंती करीत असे. आज आयोगाला लिहिणारा ग्राहक कायद्याने दिलेला अधिकार बजावीत असतो. अर्जदार आणि हक्कदार यांतील हे अंतर फार मोठे आहे. ते चालून जाण्यास आपल्याला १९४८ पासून २००३ पर्यंतची वर्षे लागली. विजेचा दर कोण ठरवितो, या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर ‘आयोग’ असे आहे. पण आयोगाच्या आदेशात आपल्या प्रश्नांना उत्तर मिळावे असे वाटत असेल, तर ते प्रश्न आदेशापूर्वी विचारले गेले पाहिजेत. पुढच्या खेपेस वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर बारीक अक्षरांत ‘हरकती व सूचना मागविण्यात येत आहेत’ अशी सूचना दिसेल, तेव्हा पान उलटण्यापूर्वी तिच्यातील शेवटची तारीख तेवढी पाहून ठेवावी.